पत सावरताना नवे क्रेडिट कार्ड : अर्ज करावा की थांबावे?

रायपूर : थकलेले हप्ते भरून होतात, वसुलीचे दूरध्वनी थांबतात आणि नेमक्या त्याच सुमारास मोबाइलवर ‘आपल्यासाठी पूर्वमंजूर कार्ड’ असा संदेश येतो. उरला-सिलतराच्या पोलाद कारखान्यांतील कंत्राटी पर्यवेक्षक असो किंवा पंडरीच्या कापड बाजारातील छोटा व्यापारी, घसरलेला पतगुणांक पुन्हा उभा करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी पडतो. नवे कार्ड घेतल्याने पत लवकर सुधारेल, की आधीच डळमळीत असलेली घडी आणखी विस्कटेल? याचे सरसकट उत्तर देता येत नाही. अर्जदाराची पत कोणत्या कारणाने बिघडली आणि येत्या वर्षभरात त्याला कशासाठी कर्ज लागणार आहे, या दोन बाबींवर ते अवलंबून असते.

‘पत’ हा शब्द मराठीत बँकांच्या आधीपासून आहे आणि त्याचा अर्थ केवळ कर्ज मिळण्याची पात्रता एवढाच नाही. पत म्हणजे माणसाच्या शब्दाची किंमत. रायपूरच्या मराठी समाजाला या विषयाचा इतिहासही जवळचा आहे. ज्यांच्या नावाने शहरात लाखे नगर वसले, त्या वामनराव लाखे यांनी 1913 मध्ये रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँकेचा पाया घातला आणि छत्तीसगडमधील सहकारी चळवळीचे ते प्रवर्तक ठरले. त्या काळी ग्रामीण पतसंस्थांमध्ये सभासदांची जबाबदारी सहसा अमर्यादित असे. एकाने बुडवले तर झळ सर्वांना लागे, त्यामुळे कोण भरवशाचा हे शेजारीपाजारीच जाणून असत. आज ती जागा तीन आकडी संख्येने घेतली आहे. तिला शेजाऱ्यांइतकी माणसाची पारख नाही, पण तिची स्मरणशक्ती मोठी आहे.

छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी, म्हणजे 2000 मध्ये, देशातील पहिली पतमाहिती कंपनी ‘सिबिल’ स्थापन झाली. 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा झाला. सध्या ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार कंपन्या देशात काम करतात. बोलीभाषेत मात्र चारही कंपन्यांच्या गुणांकाला ‘सिबिल’च म्हटले जाते. गुणांक 300 ते 900 या पट्ट्यात मोजला जातो आणि 750 च्या पुढचा गुणांक सर्वसाधारणपणे चांगला समजला जातो. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी कोणताही किमान गुणांक ठरवून दिलेला नाही. तो उंबरठा प्रत्येक बँक आपापल्या धोरणानुसार ठरवते. म्हणूनच एका बँकेने नाकारलेला अर्ज दुसरीकडे मंजूर होऊ शकतो. अनेक अर्जदार मात्र या शक्यतेवर विसंबून एकामागून एक अर्ज करत सुटतात आणि तेथेच फसतात.

अर्ज करण्याची किंमत

कार्डासाठी अर्ज केला की बँक पतमाहिती कंपनीकडून अर्जदाराचा अहवाल मागवते आणि त्या चौकशीची नोंद अहवालात राहते. एका चौकशीने गुणांक थोडासाच खाली येतो. परंतु दोन-तीन महिन्यांत चार-पाच चौकश्या दिसल्या, तर पुढच्या बँकेला अर्जदार पैशाच्या विवंचनेत असावा असे वाटते. अर्ज नामंजूर झाला तरी चौकशीची नोंद पुसली जात नाही. कार्डही हाती येत नाही आणि डाग मात्र राहतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांकावर काहीही परिणाम होत नाही. ही गोष्ट अजूनही पुष्कळांना ठाऊक नसल्याने अहवाल न पाहताच अर्ज केले जातात.

वास्तविक क्रम उलटा असायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार 2017 पासून प्रत्येक पतमाहिती कंपनीने ग्राहकाला दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण अहवाल विनामूल्य द्यावयाचा आहे. चार कंपन्या म्हणजे वर्षाला चार अहवाल. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेक मागवल्यास वर्षभर एक रुपयाही न खर्चता पतीवर लक्ष ठेवता येते. अहवालात मागील 36 महिन्यांची परतफेड महिनावार दिसते आणि हप्ता किती दिवस थकला होता याचा आकडा प्रत्येक महिन्यापुढे असतो. जामीनदार म्हणून केलेली सही, पीककर्जाचे किसान क्रेडिट कार्ड, मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले पाच-दहा हजारांचे कर्ज, ‘आता घ्या, नंतर भरा’ या सोयीने केलेली खरेदी यांच्याही नोंदी त्यात आढळू शकतात. छत्तीसगडमध्ये डिसेंबर 2018 मध्ये शेतकऱ्यांची अल्पमुदतीची कर्जे माफ करण्याची घोषणा झाली होती. ज्यांच्या नावावर त्या वेळी पीककर्ज होते, त्यांनी ते खाते अहवालात कोणत्या शब्दांत नोंदले गेले आहे हे एकदा डोळ्यांखालून घातलेले बरे.

बिघाड कोणता, यावर उत्तर

खाते अजूनही थकीत असेल, तर नव्या कार्डाचा विचारच अप्रस्तुत ठरतो. थकबाकी उभी असताना आलेला अर्ज बहुतेक बँका नाकारतात, आणि एखाद्या बँकेने कार्ड दिलेच तर त्यातून जुनी थकबाकी भरण्याचा मोह अनावर होतो. कार्डावरून रोख रक्कम काढल्यास व्याजमुक्त मुदत मिळत नाही. पहिल्या दिवसापासून व्याज चढते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे लागते. एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरणे म्हणजे सावकाराचे देणे दुसऱ्या सावकाराकडून घेऊन फेडण्यासारखेच आहे. फरक एवढाच की इथे दोन्ही सावकार एकाच वहीत नोंद करतात.

दुसरी अवस्था तडजोडीची. बँकेशी बोलणी करून एक लाखाऐवजी साठ हजारांत विषय मिटवला, म्हणजे देणे संपले अशी अनेकांची समजूत असते. देणे संपते, पण अहवालात खाते ‘सेटल्ड’ म्हणून नोंदले जाते, ‘क्लोज्ड’ म्हणून नव्हे. या एका शब्दातील अंतर पुढील कित्येक वर्षे जाणवते. रिझर्व्ह बँकेने 8 जून 2023 रोजी तडजोडीसंबंधी चौकट जाहीर केली. तिच्यानुसार कृषी कर्जे वगळता अशा कर्जदाराला पुन्हा कर्ज देण्यापूर्वी किमान 12 महिन्यांचा विराम आवश्यक आहे. त्याहून मोठी मुदत ठेवण्याची मुभा संस्थांना आहे. त्यामुळे तडजोडीनंतर वर्षाच्या आत केलेला कार्डाचा अर्ज बहुधा वायाच जातो. शक्य असल्यास उरलेली रक्कम भरून खाते पूर्ण बंद झाल्याचे पत्र घ्यावे आणि नोंद बदलून घ्यावी. खर्चिक असला तरी हाच मार्ग अधिक टिकाऊ आहे. ‘राइट ऑफ’ म्हणजे निर्लेखित खात्यांबाबतही हेच लागू पडते. बँकेने निर्लेखन केले म्हणजे कर्ज माफ झाले असे नाही. तो बँकेच्या हिशेबाचा भाग असतो आणि वसुलीचा अधिकार कायम राहतो.

तिसऱ्या अवस्थेतील माणसे संख्येने मोठी असावीत आणि नव्या कार्डाचा प्रश्न खरोखर त्यांच्याच पुढे असतो. आजारपणात, लग्नकार्यात किंवा काम सुटल्याने त्यांचे काही हप्ते उशिरा गेले. आता सर्व खाती नियमित आहेत, पण गुणांक 600 ते 700 च्या दरम्यान अडकला आहे. त्यांच्यासाठी नव्या कार्डाच्या बाजूने एक ठोस युक्तिवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

मर्यादेच्या वापराचे गणित

गुणांक ठरवताना परतफेडीच्या शिस्तीखालोखाल उपलब्ध मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते हे पाहिले जाते. समजा, एखाद्याकडे 50,000 रुपये मर्यादेचे एकच कार्ड आहे आणि त्यावर दरमहा 40,000 रुपयांचा खर्च होतो. वापराचे प्रमाण 80 टक्के झाले. तो दर महिन्याला पूर्ण बिल भरत असला, तरी अहवालाच्या दृष्टीने तो काठोकाठ भरलेल्या घागरीसारखा दिसतो. तेवढ्याच मर्यादेचे दुसरे कार्ड मिळाले आणि खर्च वाढला नाही, तर प्रमाण 40 टक्क्यांवर येते. सर्वसाधारणपणे 30 टक्क्यांच्या आतला वापर हितावह मानला जातो.

हे गणित बरोबर आहे, परंतु त्यातील ‘खर्च वाढला नाही तर’ ही अट सहज विसरली जाते. शिवाय तोच परिणाम चौकशीची नोंद न करताही साधता येतो. देय तारखेची वाट न पाहता महिन्याच्या मध्यास एक भरणा आणि बिल तयार होण्याआधी दुसरा भरणा केला, की अहवालात जाणारी शिल्लक कमी दिसते. पूर्वी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवत असत. 1 जानेवारी 2025 पासून ती किमान पंधरवड्याने, महिन्याच्या 15 तारखेला आणि अखेरीस, अद्ययावत करणे बंधनकारक झाले. त्यामुळे मध्येच केलेल्या भरण्याचा उपयोग आता अधिक लवकर दिसतो. अर्थात थकलेल्या हप्त्याची बातमीही तितक्याच लवकर पोहोचते. ज्या बँकेचे कार्ड आधीपासून आहे तिच्याकडे मर्यादा वाढवून मागणे हाही एक पर्याय आहे. मात्र त्यासाठी नवी चौकशी होणार का, हे आधी विचारून घ्यावे.

जुने कार्ड मात्र घाईने बंद करू नये. ते बंद झाले की एकूण मर्यादा घटते, वापराचे प्रमाण वाढते आणि कालांतराने पतइतिहासाचे सरासरी वयही कमी होते. वार्षिक शुल्क जड वाटत असेल तर त्याच बँकेकडे विनाशुल्क प्रकारात बदल करून मागता येतो. एक वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करण्याची प्रक्रिया बँक सुरू करू शकते, म्हणून अधूनमधून त्यावर छोटी खरेदी करत राहणे इष्ट.

ज्यांच्याकडे चालू स्थितीतले एकही कार्ड उरलेले नाही, त्यांचे काय? अहवालात नियमित परतफेडीची नवी नोंद होण्यासाठी कोणते तरी खाते चालू असावेच लागते. नुसते हात आखडून बसल्याने जुने डाग फिके होत जातात, पण नवी चांगली नोंद तयार होत नाही. अशांसाठी मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड हा सर्वांत समंजस पर्याय ठरतो. ठेव बँकेकडे तारण राहते, तिच्यावरचे व्याज चालूच राहते आणि ठेवीच्या साधारण 75 ते 90 टक्क्यांपर्यंत कार्डाची मर्यादा मिळते. बँकेची जोखीम ठेवीने झाकली जात असल्याने कमी गुणांक असूनही असा अर्ज सहसा अडत नाही. 25,000 रुपयांच्या ठेवीवर 80 टक्क्यांनी 20,000 रुपयांची मर्यादा मिळाली, तर दरमहा सहा हजारांच्या आत, म्हणजे किराणा आणि विजेचे बिल एवढाच वापर करून ते पूर्ण फेडत राहावे. कार्ड तारणावरचे असले तरी परतफेडीची नोंद इतर कार्डांप्रमाणेच पतमाहिती कंपन्यांकडे जाते. बिल थकल्यास बँक ठेव मोडून पैसे वळते करून घेऊ शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली ठेव यासाठी तारण ठेवू नये.

पूर्वी कधीच कर्ज न घेतलेल्या तरुणांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांची पत बिघडलेली नसते, तिची नोंदच नसते. प्रथमच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पतइतिहास नाही एवढ्याच कारणावरून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मधील निर्देशांत म्हटले आहे.

व्याजाला छत नाही

कार्डाचा निर्णय जोखमीचा का, हे व्याजदर पाहिल्यावर कळते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के, हा दर बाजारात अपवादात्मक नाही. 40,000 रुपये थकीत असताना या दराने महिन्याचे व्याज 1,400 रुपये होते आणि त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर 252 रुपये. पाच टक्के किमान रक्कम म्हणून 2,000 रुपये भरले, तर त्यातले 1,652 रुपये व्याज आणि करातच जातात. मूळ देण्यातून कमी होतात अवघे 348 रुपये. किमान रक्कम वेळेवर भरल्याने खाते थकीत दाखवले जात नाही हे खरे. पण शिल्लक जवळपास तेवढीच राहते, वापराचे प्रमाण उतरत नाही आणि नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. ज्या घरात आजच्या कार्डाचे पूर्ण बिल सलग सहा महिने भरले गेलेले नाही, त्या घराने दुसऱ्या कार्डाचा अर्ज करू नये, असा सावध निकष म्हणूनच योग्य वाटतो.

रायपूर परिसरातील उत्पन्नाची लय पगारदार महानगरांपेक्षा वेगळी आहे. धानाची सरकारी खरेदी साधारणपणे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत चालते. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला की कापड, सोने, दुचाकी आणि बांधकाम साहित्याच्या बाजारात तो फिरतो. पावसाळ्यात हीच दुकाने थंड असतात. अशा व्यापाऱ्याने डिसेंबरमधील गल्ला पाहून कार्ड घेतले, तर जुलै-ऑगस्टचे बिल अडचणीचे ठरू शकते. क्षमता मोजायची ती मंदीच्या महिन्यातील उत्पन्नावर. पगारदाराला मात्र एक सोय आहे. बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क ग्राहकाला असल्याने देय तारीख पगाराच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांवर आणता येते.

थांबण्याचे सर्वांत सबळ कारण म्हणजे तोंडावर आलेले मोठे कर्ज. पुढील सहा महिने ते वर्षभरात घरासाठी कर्ज घ्यायचे असेल, तर नवे कार्ड टाळावे. अनेक बँका गृहकर्जाचा दर गुणांकानुसार ठरवतात. 30 लाखांचे 20 वर्षांचे कर्ज साडेआठऐवजी साडेनऊ टक्क्यांनी मिळाले, तर हप्ता सुमारे 1,930 रुपयांनी वाढतो आणि पूर्ण मुदतीत सुमारे 4 लाख 63 हजार रुपये अधिक जातात. कार्डासोबत मिळणाऱ्या सवलती आणि विमानतळावरील विश्रांतिकक्ष या आकड्यापुढे किरकोळ ठरतात. बँकेच्या नोकरीची तयारी करणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे. पतअहवाल प्रतिकूल असल्याने स्टेट बँकेने एका उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

चूक आढळल्यास

फेडलेले कर्ज चालू दिसणे, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचे खाते आपल्या नावावर येणे, न केलेली चौकशी दिसणे अशा चुका अहवालात आढळतात. त्या दुरुस्त करून घेण्यास पैसे लागत नाहीत. तक्रार पतमाहिती कंपनीकडे किंवा संबंधित बँकेकडे करता येते आणि 30 दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली विनाशुल्क तक्रार नोंदवता येते. 1 सप्टेंबर 2022 पासून पतमाहिती कंपन्याही या योजनेच्या कक्षेत आहेत. माहितीसाठी 14448 हा क्रमांक उपलब्ध आहे. काही हजार रुपयांत ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्यांच्या नादी मात्र लागू नये. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही आणि खोटी नोंद ग्राहक स्वतःच दुरुस्त करून घेऊ शकतो.

कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2022 मध्ये जारी केलेले आणि 1 जुलै 2022 पासून लागू झालेले निर्देशही अर्जदाराने माहीत करून घ्यावेत. अर्ज फेटाळल्यास त्याचे नेमके कारण लेखी कळवणे बँकेला बंधनकारक आहे. ते कारण हाती आल्याशिवाय दुसरीकडे अर्ज करू नये. न मागता कार्ड पाठवण्यास मनाई आहे. असे कार्ड पाठवून आकारणी केल्यास ती रद्द करून तिच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा लागतो. हाती आलेले कार्ड 30 दिवसांत सुरू केले नाही, तर बँकेला ग्राहकाची सांकेतिक क्रमांकाद्वारे संमती घ्यावी लागते आणि ती न मिळाल्यास खाते विनाशुल्क बंद करावे लागते. म्हणजे मॉलच्या दारात घाईघाईत भरलेल्या अर्जाचा पश्चात्ताप झाला, तरी माघारीला वाव असतो. चौकशीची नोंद मात्र राहते. कार्ड बंद करण्याची विनंती, थकबाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण न केल्यास पुढे दिवसाला 500 रुपये दंड आहे. तसेच देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याखेरीज खाते थकीत म्हणून कळवता येत नाही किंवा विलंब शुल्क लावता येत नाही. बँकेला सुट्टी असल्याने किंवा व्यवहार अडकल्याने भरणा एक-दोन दिवस लांबला, तर ही सवड कामी येते.